सातव्या वर्षी डीपीआय 0.4: आशियाई प्रायव्हेट इक्विटी फंडाचे आकडे कसे वाचायचे?

ताळेबंद_नाशिक

नमस्कार मंडळी. सातपूरमधला कारखाना विकलेल्या एका कुटुंबाच्या गुंतवणुकीचं काम सध्या हाती आहे. त्यांच्यासमोर दोन प्रस्ताव आहेत. पहिला सेबीकडे नोंदलेला कॅटेगरी दोनचा एआयएफ, म्हणजे पर्यायी गुंतवणूक फंड. तो भारतातल्या मध्यम आकाराच्या कंपन्यांत हिस्सा घेतो, आणि कमिटमेंट (टप्प्याटप्प्याने भरायची कबूल रक्कम) 5 कोटींची. दुसरा सिंगापूरहून चालणारा आशिया फंड: जपान, कोरिया, भारत आणि थोडा आग्नेय आशिया. तो डॉलरमध्ये आहे, म्हणजे पैसे एलआरएसमधून (व्यक्तीने परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) पाठवावे लागतील.

दोघांच्याही सादरीकरणात आधीच्या फंडाचा आयआरआर (पैसा येण्या-जाण्याची वेळ धरून काढलेला वार्षिक परतावा) ठळक अक्षरांत आहे. भारतीय फंडाचा ढोबळ, म्हणजे शुल्क कापण्याआधीचा, आयआरआर 22 टक्के दाखवलाय. मात्र मागच्या एका तक्त्यात त्याच फंडाचं सातवं वर्ष संपलेलं दिसतं, टीव्हीपीआय (भरलेल्या रुपयामागे एकूण मूल्य) 1.9 आणि डीपीआय (त्यातलं प्रत्यक्ष परत आलेलं) 0.4. म्हणजे भरलेल्या रुपयामागे हातात आले 40 पैसे, आणि दीड रुपया अजून कागदावर.

माझे प्रश्न असे. हा दीड रुपया कितपत खरा धरायचा? आशियात पीईचा (प्रायव्हेट इक्विटीचा) पैसा इतका वाढला, मग तो परत यायला एवढा वेळ का लागतो, आणि देशादेशांत फरक काय? करारात नेमकं काय तपासायचं? आयआरआर म्हणजे काय इथपासून सांगू नका, पण हिशेब दाखवलात तर क्लायंटला समजावणं सोपं जाईल.

---

मुद्दल_आधी

योग्य तक्त्यावर बोट ठेवलंत. डीपीआय म्हणजे बँकेत जमा झालेला पैसा, त्यात मतभेदाला जागा नाही. उरलेले 1.5 हे मूल्यांकन आहे. सेबीच्या नियमानुसार ते स्वतंत्र मूल्यांकनकाराकडून दर सहा महिन्यांनी करून घ्यावं लागतं, त्यामुळे मॅनेजर मनाला येईल तो आकडा टाकू शकत नाही. अडचण पद्धतीत आहे. मूल्यांकनकार बहुधा त्याच धंद्यातल्या सूचीबद्ध कंपन्यांचा गुणक (नफ्याच्या किती पट भाव) घेतो, थोडी सूट कापतो आणि लावतो. बाजार चढा असला की तुमच्या कंपनीने काहीही न करता तिचं मूल्य वाढतं. प्रत्यक्ष खरेदीदार मात्र 18 टक्के हिश्शाला तो भाव देत नाही, कारण त्या हिश्शाबरोबर कंपनीचा ताबा मिळत नाही.

आता 5 कोटींचा हिशेब. सोपा जावा म्हणून सगळे पैसे एकाच दिवशी भरले असं धरतो.

व्यवस्थापन शुल्क 2 टक्के, पहिली पाच वर्षं कमिटमेंटवर. वर्षाला 10 लाख, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 11.8 लाख. पाच वर्षांचे 59 लाख. पुढची तीन वर्षं शुल्क उरलेल्या गुंतवणुकीवर लागतं. ती सरासरी 3 कोटी धरली तर वर्षाला 7.08 लाख, तिन्हींचे सव्वाएकवीस लाख. एकूण 80 लाख शुल्कात गेले. कंपन्यांत प्रत्यक्षात लागले 4.2 कोटी. मॅनेजर सादरीकरणात 'आम्ही अडीचपट केले' म्हणतो ते या 4.2 कोटींचे, तुमच्या 5 कोटींचे नाहीत.

अडीचपट म्हणजे 10.5 कोटी. हर्डल 10 टक्के (आधी तुम्हाला मिळायचा वार्षिक परतावा), कॅरी 20 टक्के (नफ्यातला मॅनेजरचा वाटा), पूर्ण कॅच-अप (हर्डलनंतरचा पैसा मॅनेजरचा वाटा भरेपर्यंत त्याच्याकडे). पैसा पाचव्या वर्षी परत आला तर नफा 5.5 कोटी, कॅरी 1.1 कोटी, गुंतवणूकदाराच्या हाती 9.4 कोटी. म्हणजे 1.88 पट, वार्षिक 13.5 टक्के. ढोबळ आकडा याच व्यवहाराचा 20 टक्के दिसतो.

तोच 10.5 कोटींचा आकडा सातव्या वर्षी आला तर? हर्डलने मुद्दल आधीच 9.74 कोटींवर गेलेलं असतं, ते तुमचे. उरलेले 76 लाख कॅच-अपमध्ये मॅनेजरकडे. तुम्हाला रुपये जास्त मिळाले, पण दर आला बरोबर 10 टक्के. दोन वर्षांच्या उशिराने साडेतीन टक्के खाल्ले, आणि कंपनीच्या कामगिरीत काडीचाही फरक नाही. आशियातल्या पीईची मुख्य अडचण हीच आहे: निवड चुकण्यापेक्षा जास्त नुकसान बाहेर पडण्याच्या उशिराने होतं. (शुल्क मी सोपेपणासाठी दोन्ही उदाहरणांत आठ वर्षांचंच, 80 लाख धरलं आहे.)

सिंगापूरच्या फंडाकडे एक गोष्ट लेखी मागा: सबस्क्रिप्शन लाइन धरून आणि न धरून, असे दोन आयआरआर. हे फंड कंपनी विकत घेताना आधी बँकेकडून कर्ज उचलतात आणि गुंतवणूकदारांकडून पैसे नंतर मागवतात. समजा 100 ला घेतलं, चार वर्षांनी 200 ला विकलं. आयआरआर 18.9 टक्के. आता पहिलं वर्ष बँकेच्या पैशावर काढलं, 6 टक्के व्याज दिलं आणि तुमच्याकडून वर्षाअखेरीस 106 मागवले. तीन वर्षांत 106 चे 200, आयआरआर 23.6 टक्के! पट मात्र 2.0 वरून 1.89 वर उतरली. व्यवहार तोच, नफा कमी, आयआरआर जवळजवळ पाच टक्क्यांनी जास्त. शिवाय हर्डल तुमचे पैसे आल्या दिवसापासून मोजलं जात असेल तर मॅनेजरला कॅरीही लवकर लागू होते. भारतीय कॅटेगरी दोनच्या फंडाला ही सोय नाही. तात्पुरती निकड म्हणून एका वेळी 30 दिवस, वर्षात जास्तीत जास्त चारदा आणि गुंतवणूकयोग्य निधीच्या 10 टक्क्यांपर्यंतच कर्ज घेता येतं. त्यामुळे दोन फंडांचे आयआरआर शेजारी ठेवून तुलना करू नका, ती चुकीची ठरेल.

माझा निकष साधा आहे. सातव्या वर्षापर्यंत भरलेलं मुद्दल तरी परत आलेलं असावं. 0.4 असेल तर उरलेल्या प्रत्येक कंपनीचा बाहेर पडण्याचा मार्ग नावानिशी विचारावा लागेल.

---

योकोहामाकर

देशांतल्या फरकावर लिहितो. 'आशिया फंड' या नावाखाली चार-पाच वेगवेगळे धंदे असतात, आणि एकाचा अनुभव दुसऱ्याला लागू पडत नाही.

कोरिया आणि जपानमध्ये मोठ्या पीईची सुरुवात बँकांच्या पडझडीतून झाली. 1997 च्या संकटानंतर कोरिया सरकारला बुडत्या बँका विकायच्या होत्या. न्यूब्रिज या अमेरिकी पीई फंडाने 1999 मध्ये कोरिया फर्स्ट बँकेचा 51 टक्के हिस्सा घेतला, आणि 2005 मध्ये ती बँक 3.3 अब्ज डॉलरला स्टँडर्ड चार्टर्डकडे गेली. जपानमध्ये रिपलवूड या अमेरिकी फंडाने 2000 मध्ये लाँग टर्म क्रेडिट बँक घेतली, तिचं नाव शिन्सेई ठेवलं आणि 2004 मध्ये ती शेअर बाजारात आणली. या नफ्यांवर स्थानिक लोक संतापले आणि त्याचा फटका पुढच्यांना बसला. लोन स्टार या अमेरिकी फंडाने 2003 मध्ये कोरिया एक्स्चेंज बँक घेतली. एचएसबीसीला विकण्याचा व्यवहार मंजुरीअभावी रखडला आणि 2008 मध्ये मोडला. शेवटी 2012 मध्ये हाना समूहाला विकून ते बाहेर पडले आणि त्याच वर्षी कोरिया सरकारविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादात गेले. तो वाद दशकभर चालला. परदेशी फंडाने सरकारी तिजोरीच्या जवळची मालमत्ता स्वस्तात घेतली असेल, तर विकताना राजकीय परवानगीचा वेळ वेगळा धरावा लागतो.

सध्या सगळ्यात जोमात जपान आहे, आणि त्याची कारणं टिकाऊ आहेत. छोट्या-मध्यम कंपन्यांचे मालक म्हातारे झाले. 2025 पर्यंत सुमारे 24.5 लाख मालक सत्तरी ओलांडतील आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांचा वारस ठरलेला नसेल, असा तिथला सरकारी अंदाज होता. मोठ्या समूहांवर दुसऱ्या बाजूने दबाव आला. मार्च 2023 मध्ये टोकियो शेअर बाजाराने कंपन्यांना भांडवलाचा खर्च आणि शेअरचा भाव यांकडे लक्ष द्यायला सांगितलं. पुस्तकी मूल्याखाली व्यवहार होणाऱ्या कंपन्यांची त्यामुळे पंचाईत झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अर्थ-व्यापार-उद्योग मंत्रालयाने ताबा घेण्याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं काढली. कुणी प्रामाणिक प्रस्ताव आणला तर संचालक मंडळाने तो गांभीर्याने तपासावा, असं त्यात म्हटलं आहे. याआधी असा प्रस्ताव फायलीत घालून विसरून जाता यायचं. तोशिबा डिसेंबर 2023 मध्ये जपान इंडस्ट्रियल पार्टनर्सच्या नेतृत्वाखाली सुमारे 2 लाख कोटी येनच्या व्यवहारात बाजारातून बाहेर पडली.

जपानमध्ये कर्जही स्वस्त होतं. कंपनीच्या करपूर्व रोख नफ्याच्या पाच-सहा पट कर्ज स्थानिक मोठ्या बँका अल्प व्याजावर देत. बँक ऑफ जपानने मार्च 2024 मध्ये उणे व्याजदर संपवला, तेव्हा हा फायदा हळूहळू आटेल. शिवाय स्पर्धा वाढली आहे. फुजी सॉफ्ट या सॉफ्टवेअर कंपनीसाठी केकेआर आणि बेन या दोन अमेरिकी पीई कंपन्यांत चढाओढ लागली. केकेआरचा पहिला भाव 8,800 येन होता, शेवटी 9,850 येनवर व्यवहार संपला. आत शिरतानाच दहा-बारा टक्के जास्त मोजले तर ते पुढे कंपनीच्या कामातून वसूल करावे लागतात.

बाहेर पडायला जपानमध्येही वेळ लागतो. बेनच्या नेतृत्वाखालच्या गटाने 2018 मध्ये तोशिबाची मेमरी चिप कंपनी घेतली, आताची किओक्सिया. 2020 मध्ये ठरलेला आयपीओ पुढे ढकलला, आणि ती बाजारात आली डिसेंबर 2024 मध्ये. चिपच्या भावाचं चक्र उलटं फिरलं की खरेदीदार थांबून पाहतो.

कोरियातलं अलीकडचं उदाहरण तुमच्या क्लायंटला जरूर सांगा: होमप्लस. एमबीके पार्टनर्सने 2015 मध्ये टेस्कोकडून ही सुपरमार्केटची साखळी सुमारे 7.2 लाख कोटी वॉनला घेतली, त्यात कर्जाचा मोठा वाटा. कर्ज फेडायला दुकानांच्या जागा विकल्या आणि त्याच जागा भाड्याने घेतल्या. कागदावर कर्ज उतरलं, पण त्याच्या जागी दर महिन्याचं भाडं आलं, आणि भाडं विक्रीबरोबर खाली येत नाही. त्यातच खरेदी ऑनलाइनकडे वळली. मोठ्या दुकानांना महिन्यातून दोन दिवस सक्तीची सुट्टी होती, ऑनलाइनवाल्यांना नव्हती. फेब्रुवारी 2025 च्या अखेरीस पतमानांकन घसरलं आणि 4 मार्चला कंपनीने न्यायालयाकडे पुनर्रचनेचा अर्ज केला. सादरीकरणात 'मालमत्ता विकून मूल्य मोकळं केलं' असं कुठे दिसलं, तर त्यानंतर भाडं किती वर्षांसाठी बांधलं गेलं ते विचारा.

चीनबद्दल थोडक्यात: जुलै 2021 च्या एका आदेशाने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्या ना-नफा झाल्या आणि परदेशी भांडवलाला तिथे बंदी आली. ऑगस्ट 2023 पासून देशांतर्गत आयपीओंचा वेग आवळला गेला. जानेवारी 2025 पासून अमेरिकी गुंतवणूकदारांना तिथल्या सेमीकंडक्टर, क्वांटम आणि एआय क्षेत्रांत निर्बंध लागू झाले. म्हणून बरेच आशिया फंड आज जपान-भारताकडे झुकले आहेत. फंडाच्या मागच्या कामगिरीतला किती वाटा चीनमधला होता ते तपासा, कारण ती टीम तोच नफा जपानमध्ये करून दाखवेल असं गृहीत धरता येत नाही.

चलनाचा मुद्दा. मार्च 2014 अखेर डॉलर सुमारे 60 रुपये होता, मार्च 2024 अखेर सुमारे 83. म्हणजे वर्षाला साधारण 3.3 टक्के घसरण. रुपयातला 18 टक्के आयआरआर डॉलरवाल्याला 14.2 टक्के पडतो. तुमचा क्लायंट रुपयात खर्च करतो, त्यामुळे त्याच्यासाठी हे उलटं आहे. डॉलर फंडातला परतावा रुपयात मोजताना थोडा वाढतो. येन मात्र 2021 च्या सुरुवातीला डॉलरला 103 च्या आसपास होता आणि 2024 च्या मध्यावर 160 पर्यंत गेला. फंडाने येनचं हेजिंग (चलनाच्या घसरणीविरुद्ध आगाऊ भाव बांधून ठेवणं) केलं होतं की नाही यावर जपानी व्यवहाराचा सगळा रंग बदलतो. व्याजदरातल्या फरकामुळे डॉलर फंडाला येन हेज करण्याचे पैसे मिळतात, रुपया हेज करायला मोजावे लागतात.

---

कलम_पोटकलम

भारताची बाजू मांडतो, कारण 0.4 चं उत्तर बहुधा इथल्या कराराच्या कलमांत सापडेल.

आपल्याकडे पीईचे बरेच व्यवहार अल्पहिश्शाचे असतात. प्रवर्तक कुटुंब 60-70 टक्के स्वतःकडे ठेवतं, फंड 10 ते 25 टक्के घेतो, तोही सक्तीने परिवर्तनीय प्राधान्य शेअरच्या रूपात, म्हणजे पुढे साध्या शेअरमध्ये बदलणारच अशा शेअरच्या. कर्ज काढून अख्खी कंपनी घेण्याची पाश्चात्त्य पद्धत इथे रुजली नाही, कारण शेअर विकत घ्यायला भारतीय बँकांना कर्ज देण्याची जवळपास मनाई होती. ऑक्टोबर 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने हे दार उघडण्याची घोषणा केली. तोवर असे व्यवहार अपरिवर्तनीय रोखे काढून किंवा खासगी कर्ज फंडांकडून पैसा उभारून व्हायचे, आणि व्याज दोन आकडी.

अल्पहिस्सा असला की बाहेर पडायचं दार प्रवर्तकाच्या हातात राहतं. करारात साधारण हा क्रम असतो: चार-पाच वर्षांत आयपीओ, नाही झाला तर दुसऱ्या गुंतवणूकदाराला विक्री, नाही तर कंपनी किंवा प्रवर्तक बायबॅक करेल, शेवटी ड्रॅग-अलाँग, म्हणजे प्रवर्तकाला सोबत ओढून अख्खी कंपनी विकणं. वाचायला भक्कम वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीवर अडतं.

बायबॅक घ्या. कंपनी कायद्यानुसार एका वेळी भरणा झालेलं भागभांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या बेरजेच्या 25 टक्क्यांपर्यंतच बायबॅक करता येतो. दोन बायबॅकमध्ये एक वर्षाचं अंतर हवं, आणि बायबॅकनंतर कर्ज भांडवलाच्या दुपटीपेक्षा जास्त नको. ही बेरीज 200 कोटी असेल तर कमाल बायबॅक 50 कोटींचा. फंडाच्या हिश्शाचं मूल्य 180 कोटी असेल तर रोकड असूनही किमान चार हप्ते आणि तीन वर्षांहून अधिक काळ. त्यात प्रत्येक बायबॅकने राखीव निधी घटतो, त्यामुळे पुढची मर्यादा आणखी खाली येते. म्हणून 'बायबॅकचा हक्क आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नका. कंपनीचा शेवटचा ताळेबंद मागवा आणि हा भागाकार स्वतः करा.

प्रवर्तकाने ठरलेल्या परताव्याने शेअर परत घ्यायचे, हे परदेशी फंडाच्या बाबतीत नियमात बसत नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2014 मध्ये पुट ऑप्शनला (शेअर समोरच्याला विकण्याचा हक्क) परवानगी दिली, पण किमान एक वर्षाचा लॉक-इन (विक्रीबंदी) आणि परताव्याची हमी नाही, या अटींवर. टाटा-डोकोमो प्रकरणाची (जपानच्या डोकोमोचा टाटांच्या दूरसंचार कंपनीतला हिस्सा) मेख इथेच होती. गुंतवणुकीच्या निम्म्या किमतीला बाहेर पडण्याचं कलम 2009 च्या करारात होतं, तरी रिझर्व्ह बँकेने परवानगी नाकारली. प्रकरण लवादात गेलं आणि एप्रिल 2017 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 1.17 अब्ज डॉलरचा निवाडा अमलात आणायला मान्यता दिली. डोकोमो दूरसंचार कंपनी होती, पीई फंड नव्हे. पण कलम तेच.

ड्रॅग-अलाँगमध्ये आणखी एक खाच आहे. शेअर हस्तांतरणावरचं बंधन केवळ भागधारक करारात असून भागत नाही, ते कंपनीच्या नियमावलीतही असावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 1992 च्या रंगराज प्रकरणात हे सांगितलं. करार झाला आणि नियमावली बदलायची राहून गेली, अशी चूक मध्यम कंपन्यांत होते आणि सहाव्या-सातव्या वर्षी उघडी पडते. कंपनी निबंधकाच्या संकेतस्थळावरून नियमावली काढून तपासता येते. आणि कलम पक्कं असलं, तरी नाराज प्रवर्तकाला ओढून आणलेली कंपनी घ्यायला सहसा कुणी पुढे येत नाही. ग्राहक, परवाने, बँकेची हमी, सगळं त्याच्याभोवती असतं.

प्रत्यक्षात चालतात ते तीन रस्ते. पहिला, सूचीबद्ध कंपनीत बहुमत घेऊन नंतर ब्लॉक डीलने (बाजारातल्या एकगठ्ठा व्यवहाराने) विकणं. बेरिंग एशियाने 2019 मध्ये एनआयआयटी टेक्नॉलॉजीज, म्हणजे आताची कोफोर्ज, अशीच घेतली आणि टप्प्याटप्प्याने विकत ऑगस्ट 2023 मध्ये शेवटचा हिस्सा काढला. चार वर्षांत काम झालं, कारण रोज भाव दिसत होता आणि ताबा हाती होता.

दुसरा, एका फंडाकडून दुसऱ्याकडे. पुण्याचं सह्याद्री हॉस्पिटल्स पाहा: 2019 मध्ये एव्हरस्टोन, 2022 मध्ये कॅनडाचा ओंटारिओ टीचर्स पेन्शन फंड, आणि 2025 मध्ये मणिपाल समूहाचा करार. त्या मणिपालमध्ये सिंगापूरच्या टेमासेकचं बहुमत. रुग्णालयांच्या साखळ्यांना खरेदीदार सहज मिळतात, कारण प्रत्येक पुढच्या मालकाला आणखी खाटा जोडता येतात.

तिसरा, आयपीओ, आणि इथे धीर लागतो. भोसरीच्या एमक्युअरमध्ये ब्लॅकस्टोन 2006 मध्ये आलं, 2014 च्या सुमारास त्यांचा हिस्सा बेनने घेतला, आणि आयपीओ झाला जुलै 2024 मध्ये. त्यातही बेनने सगळा हिस्सा विकला नाही. उत्तम चाललेल्या कंपनीतसुद्धा दुसऱ्या फंडाला दहा वर्षं थांबावं लागलं.

अलीकडे चौथा रस्ता आलाय: तोच मॅनेजर आपल्या जुन्या फंडातून आपल्याच नव्या फंडात कंपनी हलवतो. ब्लॅकस्टोनने एम्फॅसिसचे शेअर 2016 मध्ये 430 रुपयांनी घेतले आणि 2021 मध्ये 1,452 रुपयांनी आपल्याच दुसऱ्या फंडाकडे नेले, सोबत नवे सहगुंतवणूकदार घेऊन. तिथे भाव बाजारात दिसत होता. कंपनी सूचीबद्ध नसेल तर विकणारा आणि घेणारा एकाच टेबलावर बसतो, तेव्हा भाव ठरवताना बाहेरचा स्वतंत्र खरेदीदार किती टक्क्यांनी आत आला ते बघा. अशा व्यवहारातून आलेला डीपीआय वेगळा काढून दाखवायला सांगा.

---

ताळेबंद_नाशिक

मनापासून आभार, एवढ्या तपशिलाची अपेक्षा नव्हती. 25 टक्के बायबॅकचा भागाकार उद्याच करतो.

दोन जोडप्रश्न. आयपीओ झाला की फंड लगेच सगळं विकू शकतो का? आणि कर व एलआरएसचं काय? कुटुंबात चार सज्ञान व्यक्ती आहेत. वितरक म्हणतोय की ड्रॉडाउन (फंडाकडून पैशाची मागणी) टप्प्याटप्प्याने येतील, तोवर पैसे मुदत ठेवीत ठेवा.

---

करपत्र_अंधेरी

आयपीओनंतर लगेच सगळं विकता येत नाही. आयपीओआधीच्या भागधारकांना वाटपापासून सहा महिन्यांचा लॉक-इन असतो. सेबीकडे नोंदलेल्या कॅटेगरी एक-दोनच्या एआयएफला यातून सूट आहे, पण शेअर घेऊन सहा महिने झालेले हवेत. तुमचा भारतीय फंड या सवलतीत बसतो, सिंगापूरचा फंड ज्या परदेशी कंपनीमार्फत शेअर घेतो ती मात्र सहसा बसत नाही. आणखी एक मर्यादा: कंपनी नफ्याच्या निकषात न बसता बाजारात आली, तर 20 टक्क्यांहून जास्त हिस्सा असलेला भागधारक आयपीओमध्ये आपल्या हिश्शाच्या निम्म्यापेक्षा जास्त विकू शकत नाही. 20 टक्क्यांहून कमी असेल तर कंपनीच्या 10 टक्क्यांपर्यंतच. एक नोंद करून ठेवा: 'ड्राफ्ट प्रॉस्पेक्टस दाखल केलं' ही बातमी म्हणजे पैसा आला असं नव्हे. दाखल केल्यावरही बाजार पडला तर आयपीओ वर्षानुवर्षं लांबतो.

करात *मुद्दल_आधी* यांच्या हिशेबाला एक पुरवणी जोडतो. कॅटेगरी दोनच्या फंडाचा भांडवली नफा थेट गुंतवणूकदाराच्या हाती करपात्र होतो. असूचीबद्ध शेअर 24 महिन्यांहून जास्त ठेवले तर 12.5 टक्के, अधिभार 15 टक्क्यांवर थांबतो, उपकर धरून कमाल 14.95 टक्के. पण फंडाने कापलेलं व्यवस्थापन शुल्क या नफ्यातून सहसा वजा होत नाही. त्यांच्या उदाहरणात हाती 9.4 कोटी आले, खरा नफा 4.4 कोटी. कर लागेल साधारण 5.2 कोटींवर, कारण 80 लाखांचं शुल्क वजावटीत धरलं जाणार नाही. म्हणजे जवळपास 12 लाख जादा कर. क्लायंटचा खरा आयआरआर काढताना हे घाला.

एलआरएसची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर, चौघांची मिळून 10 लाख. 10 लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस (स्रोतावरच गोळा केलेला कर) कापते. डॉलर 85 धरला तर एका माणसाच्या पूर्ण मर्यादेचे 2.125 कोटी होतात, टीसीएस 40.5 लाख. तो आगाऊ करात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. म्हणून पाठवणी शक्यतो करभरणा मोठा असलेल्या वर्षात ठेवा.

खरी अडचण परतीच्या पैशाची आहे. परदेशी फंड बरेचदा आलेले पैसे वाटतो आणि तेच पुन्हा मागवण्याचा हक्क राखतो. एलआरएसच्या नियमाने न वापरलेली रक्कम 180 दिवसांत भारतात परत आणावी लागते. ती आणली आणि फंडाने पुन्हा मागवली, तर नवी पाठवणी त्या वर्षीच्या मर्यादेत धरली जाते. चौघांची मर्यादा तोवर मुलांच्या परदेशी शिक्षणात गेली असेल तर? पूर्ण कमिटमेंट मर्यादेच्या काठावर ठेवू नका, निदान तिसरा हिस्सा मोकळा ठेवा. आणि विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दर वर्षी नोंद करा, उत्पन्न शून्य असलं तरी. ती राहिली तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली 10 लाख रुपये दंड होऊ शकतो.

मुदत ठेवीचा सल्ला बरा आहे, पण मुदत छोटी ठेवा आणि मुदतीआधी मोडता येणारीच ठेव निवडा. ड्रॉडाउनची नोटीस सहसा 10 ते 15 दिवसांची असते. वेळेत पैसे गेले नाहीत तर करारानुसार दंडव्याज लागतं, आणि पुढे युनिटचा मोठा भाग जप्त करण्याचंही कलम असतं. ते कलम शब्द न् शब्द वाचा.

वितरकाबद्दल: कॅटेगरी एक-दोनच्या फंडात वितरकाला एकूण मोबदल्याच्या एक-तृतीयांशपर्यंतच सुरुवातीला देता येतो, बाकी समान हप्त्यांत. फंडाला थेट योजनाही द्यावीच लागते. तुम्ही स्वतः कागदपत्रं तपासत असाल तर थेट योजनेचं शुल्क विचारून घ्या.

---

कलम_पोटकलम

फंडाला पाठवायच्या पत्रात एवढं मागा. उरलेल्या प्रत्येक कंपनीसाठी: हिश्शाची टक्केवारी, शेअर घेतल्याची तारीख आणि भाव, आयपीओच्या कलमाची मुदत कधी संपते किंवा संपली, मर्चंट बँकर नेमला आहे का, आणि बाहेरच्या कुणी शेवटचा व्यवहार केव्हा व कोणत्या भावाने केला. यातला शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तिथे गेल्या दोन वर्षांतली तारीख असेल तर मूल्यांकनाला आधार आहे. रिकामा असेल तर 1.5 मधला त्या कंपनीचा वाटा मी निम्मा धरतो.

तसंच उरलेल्या मूल्यातला किती भाग एकाच कंपनीत आहे ते बघा. नियमानुसार एका कंपनीत गुंतवणूकयोग्य निधीच्या 25 टक्क्यांपर्यंतच पैसे टाकता येतात. पण ही मर्यादा गुंतवतानाची आहे. मूल्य फुगून एकच कंपनी 60 टक्के झालेली असू शकते, आणि मग सगळा फंड त्या एका प्रवर्तकाच्या मर्जीवर उभा असतो.

शेवटी मुदत. फंडाची मुदत संपली की मूल्यानुसार दोन-तृतीयांश युनिटधारकांच्या संमतीने ती दोन वर्षांपर्यंत वाढवता येते. त्यानंतरही न विकलेले शेअर उरले तर 75 टक्के संमतीने ते गुंतवणूकदारांत थेट वाटता येतात. म्हणजे पैशाऐवजी एखाद्या असूचीबद्ध कंपनीचे काही हजार शेअर डीमॅट खात्यात येतील, आणि फंडाकडे असलेले आयपीओ, टॅग (प्रवर्तकाने विकलं तर त्याच्यासोबत विकणं), ड्रॅगचे हक्क त्यांच्याबरोबर येतीलच असं नाही. ते हक्क युनिटधारकांकडे वर्ग होतात का, हे 5 कोटींच्या योगदान करारावर सही होण्याआधी लेखी घ्या.